मोठे झाड कोठे लावावे?
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. घरात जे घडले तेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा भाचा अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याने एक पुडी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "आत्या, जगातल्या सर्वांत प्रचंड झाडाचे हे बी. तुझ्या दारात लाव, मी येईन तेव्हा बघीन." त्या झाडाचे नाव सिकोया. तिकडे शेर्मन सेनापतीचे नाव दिलेले एक झाड २७५ फूट उंच आहे आणि दोन हजार वर्षे जुने आहे. आणि बी पाहावे तर कोंड्याच्या फोलपटाएवढे!

त्याने सांगितल्याप्रमाणे ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवले. मग पेरले. तीन रोपे उगवली. दोन पावसाळ्यात कुजली. तिसऱ्याला मी लेकरासारखे जपले, ओले पोते बांधून सावली केली. पण सांगलीचा एप्रिल! एका दुपारी ते करपले. भाच्याला काय सांगावे, या विचाराने मी दोन दिवस फोनच केला नाही. शेवटी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते बर्फातले झाड, आत्या. तुझी काय चूक?"

त्याच सुमारास मोरीच्या भिंतीच्या भेगेत वडाचे रोप दिसले. पाखराने टाकलेले बी. ना पाणी, ना माती, तरी तजेलदार. मला माहेर आठवले. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिकडे जावळी तालुक्यात वडाचे म्हसवे आहे. तिथला वड १८८२ साली ली-वॉर्नर नावाच्या इंग्रजाने मोजला, तर घेर १५८७ फूट भरला! सिकोया आभाळात वाढतो, आपला वड पारंब्या टेकीत आडवा वाढतो. प्रचंड झाड आपल्याच गावात असताना मी फ्रिजमध्ये बी घालीत बसले होते.

मी ते रोप काढून परसात लावायला निघाले, तर हे म्हणाले, "घर पाडायचे आहे का?" मला राग आला. पण ज्या भेगेतून रोप काढले ती बोट जाईल एवढी रुंदावली होती. त्यांचे म्हणणे खरे होते. मोठ्या झाडाला मोठी जागा हवी. आपल्या जिल्ह्यात भोसे गावचा जुना वड रस्त्यात जाणार होता. २०२० साली लोकांनी आवाज उठवला आणि रस्ता वळवण्याचे ठरले. पुढे थोड्याच वर्षांत तो पावसात कोसळला. जुने झाड एकदा गेले की चारशे वर्षांनीच परत मिळते.

आता एक कबुली देते. वटपौर्णिमेला मी वर्षानुवर्षे बाजारातून वडाची फांदी विकत आणून पूजली आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकली. सात जन्मांचे मागणे मागायचे आणि ज्याच्यापाशी मागायचे त्याचेच हात तोडायचे! तुमच्यापैकीही पुष्कळजणींनी हेच केले असेल.

माझे रोप आता कुंडीत कमरेएवढे झाले आहे. ते मी मंडळाला देते. ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेची परवानगी आपण मिळवू. घर, विहीर, गटार यांपासून लांब, पावसाच्या तोंडी लावू. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण हवे. तीन उन्हाळे पाणी घालावे लागेल. रोज दोघींनी एकेक कळशी न्यायची. रोप दगावलेच, तर मनगटाएवढी जाड फांदी रोवली तरी वड धरतो.

त्याची पुरती सावली आपल्याला मिळणार नाही, नातसुनांना मिळेल. भाचा आला की मी त्याला तिथेच नेणार आहे. पाण्याच्या पाळीसाठी पहिले नाव माझे लिहा. दुसरे कोणाचे लिहू?