दिल्लीच्या नकाशात धडगावचा माणूस

अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन देशाच्या राजधानीला निघतो, तेव्हा त्याचा प्रवास कसा होतो? पाड्यावरून धडगावपर्यंत पायी किंवा जीपने. तेथून चांदसैलीचा घाट उतरून तळोदा, पुढे नंदुरबार. नंदुरबारहून सुरतेला किंवा भुसावळला गाडी बदलायची आणि मग दिल्ली. तिसऱ्या दिवशी तो जंतरमंतर रस्त्यावर पोलिसांच्या लोखंडी कठड्यांच्या आत बसलेला असतो. संसद भवन तेथून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. परंतु सातपुडा ओलांडून आलेल्या या माणसाला ती वीस मिनिटे ओलांडता येत नाहीत. सवाई जयसिंहाने ग्रहताऱ्यांच्या गती मोजण्यासाठी जी वेधशाळा बांधली, तिच्याच शेजारी प्रजेचे सत्तेपासूनचे अंतर मोजले जावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

हे अंतर पोलिसांनी निर्माण केलेले नाही. पोलीस केवळ त्याची राखण करतात. ते अंतर शंभर वर्षांपूर्वी, शहराची आखणी होत असतानाच जमिनीवर उमटवले गेले.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्ज बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली. राजधानीला जागा हवी होती. रायसीना, मालचा आणि आसपासच्या गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आल्या. मालच्याचे शेतकरी उठून सोनिपतकडे गेले. त्यांच्यापैकी काहींचे वारस शंभर वर्षांनंतरही मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढत होते. आज रायसीना म्हटले की राष्ट्रपती भवनाची टेकडी डोळ्यांसमोर येते आणि मालचा म्हटले की परदेशी वकिलातींच्या परिसरातला एक उच्चभ्रू रस्ता. गाव गेले, नाव राहिले. विस्थापितांची आठवण ठेवण्याची राज्यकर्त्यांची ही रीत जुनी आहे.

त्या जमिनीवर एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर यांनी जे शहर रचले, त्याचे रुंद रस्ते, वृक्षराजी आणि षट्कोनी आखणी यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते सर्वस्वी अनाठायी आहे असेही नाही. मात्र या आखणीचे खरे सूत्र निराळे होते. टेकडीवर व्हाइसरॉय. त्याच्या पायथ्यापासून पुढे पदाच्या उतरत्या क्रमाने अधिकाऱ्यांचे बंगले. ज्याचा पगार मोठा त्याचे आवार मोठे आणि टेकडीपासूनचे अंतर कमी. हिंदी कारकुनांची घरे गोल मार्केटच्या बाजूला, शिपायांची त्याहून लहान. कोण कोठे राहतो एवढे कळले की त्याचे पद, त्याचा पगार आणि बहुतेक वेळा त्याच्या कातडीचा रंगही सांगता येत असे. मनूने समाजाची उतरंड ग्रंथात लिहिली, साम्राज्याने ती चुन्याने जमिनीवर आखली. भिंती उभारणारे मजूर मोठ्या संख्येने राजस्थानातून आले होते. त्यांच्यासाठी नकाशात जागाच नव्हती. १३ फेब्रुवारी १९३१ रोजी या नगरीचे उद्घाटन झाले. अवघ्या सोळा वर्षांत तिचे धनी निघून गेले. नकाशा मात्र येथेच राहिला.

शेजारीच दुसरी दिल्ली होती. सतराव्या शतकात शाहजहानने वसवलेले शाहजहानाबाद. तेही सम्राटाचेच शहर, त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु तेथे लाल किल्ल्याच्या दारातूनच चांदणी चौकाचा बाजार सुरू होतो. सराफ, हलवाई, हमाल, फकीर हे सारे किल्ल्याच्या नजरेच्या टप्प्यात असत. कटरा आणि कूचा यांच्या दाटीत मालक व कारागीर एकाच गल्लीत नांदत. नंदुरबारसारख्या जुन्या बाजारगावातल्या माणसाला ही रचना चटकन कळते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार व त्याचे कोवळे सोबती गोळ्यांना सामोरे गेले ते भर वस्तीत, आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत. नव्या दिल्लीत सामान्य माणसाने सत्तेसमोर असे सहज उभे राहावे, असा चौक ठेवलेलाच नाही. तेथील चौकांतून मोटारी फिरतात.

स्वातंत्र्यानंतर हा नकाशा बदलण्याची संधी होती. फाळणीचे निर्वासित आले. १९४१ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आत असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. मनात आणले तर सरकार लाखो माणसांना घर देऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण आले, १९६२ मध्ये बृहत् आराखडा आला. पण बंगल्यांच्या टापूला हात लागला नाही. सुमारे अठ्ठावीस चौरस किलोमीटरचा तो प्रदेश आजही विरळ वस्तीचा आहे, आणि शहर बांधणारा मजूर, भांडी घासणारी बाई, रिक्षा ओढणारा माणूस यमुनेच्या वाळवंटात वा रेल्वेच्या कडेला झोपडी घालतो.

या माणसांचे सरकारने काय केले, हे भूखंडांच्या आकारावरूनच वाचता येते. झोपड्या हलवण्याची योजना प्रथम आखली गेली, तेव्हा कुटुंबाला ऐंशी चौरस यार्डांचा भूखंड देण्याची कल्पना होती. पुढे तो पंचवीस चौरस यार्डांवर आला. आणीबाणीत या पंचवीस यार्डांच्या हिशेबाने सुमारे सात लाख माणसे शहराच्या कडेला नेऊन टाकण्यात आली. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी, जहांगीरपुरी ही नावे त्या काळाची आहेत. २५ जून १९७५ च्या सायंकाळी जयप्रकाशजींची विराट सभा रामलीला मैदानावर झाली आणि त्याच रात्री आणीबाणी आली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या मैदानाला लागूनच तुर्कमान दरवाजा आहे. दहा महिन्यांच्या आत, एप्रिल १९७६ मध्ये, तेथील घरांवर बुलडोझर चालले आणि विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आणीबाणी संपली, पण भूखंड लहान होत जाण्याचे काही थांबले नाही. २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील वस्ती उठवून माणसे सुमारे तीस किलोमीटरवरील बवाना येथे पाठवली गेली. तेथे भूखंड होते अठरा चौरस मीटरचे आणि साडेबारा चौरस मीटरचे. साडेबारा चौरस मीटर म्हणजे किती? साडेतीन मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद. आपल्याकडे बैलजोडीच्या गोठ्यालाही यापेक्षा मोकळी जागा लागते. यावेळी आणीबाणी नव्हती, निवडून आलेली सरकारे होती. आणि ज्यांना पुरावा देता आला नाही, त्यांना तेवढेही मिळाले नाही.

आता सातपुड्याकडे वळावे, कारण राजधानीचा हा नकाशा येथेही येऊन पोहोचला आहे. ज्या १८९४ च्या कायद्याने रायसीना घेतले, त्याच कायद्याने ऐंशी वर्षांनंतर नर्मदाकाठच्या जमिनी सरदार सरोवरासाठी घेतल्या गेल्या. महाराष्ट्रातील तेहतीस गावे, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील. तेव्हा ती धुळे जिल्ह्यात होती, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. कायदा बदलला तो २०१३ मध्ये. तोवर मणिबेलीत पाणी शिरून वीस वर्षे झाली होती.

नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ सालच्या राजपत्रात आला, तारीख पुन्हा १२ डिसेंबर. या निवाड्यात विस्थापितांच्या नव्या गावाची आखणी दिली आहे: प्रत्येक कुटुंबाला साठ फूट बाय नव्वद फूट घरजागा, शंभर कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, पाचशे कुटुंबांमागे एक दवाखाना व एक पंचायतघर, पन्नास कुटुंबांमागे एक विहीर व एक पार, जमीन गेलेल्या कुटुंबास किमान दोन हेक्टर शेती. बवान्याच्या साडेबारा मीटरांपुढे हे औदार्यच वाटेल. ते मिळवण्यासाठी, आणि कागदावरचे जमिनीवर आणण्यासाठी, किती माणसांना किती वर्षे रस्त्यावर बसावे लागले, याचा हिशेब नंदुरबारच्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

पण प्रश्न केवळ फुटांचा नाही. भिल्ल-पावरा माणसाचे गाव म्हणजे ओळीत मांडलेली घरे नव्हेत. एक घर या टेकाडावर, दुसरे ओढ्यापलीकडे. प्रत्येकाच्या दाराशी त्याचे शेत, मागे जंगल, खाली नदी. एका गावाचे पाडे कोसभर पसरलेले. तळोद्याच्या राखीव जंगलाची जमीन मोकळी करून रोझवा, सोमावल येथे ज्या वसाहती झाल्या, त्यांत घरे सरळ रेषेत आली, शेत एका बाजूला गेले आणि नदी नकाशातून पुसली गेली. विहीर, पार, शाळा यांची संख्या लवादाने मोजली. मासे, मोह आणि टेंभुर्णीची पाने यांना तक्त्यात रकाना नव्हता. कोणी दुष्ट हेतूने असे केले असेल असे नाही. कागदावर पट्टीने रेघ ओढणाऱ्याला टेकाड दिसत नाही, एवढेच.

राजधानी क्वचित स्वतःही येथे येते. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान शहादा तालुक्यातील टेंभली येथे आले आणि देशातील पहिले आधार क्रमांक तेथील रहिवाशांना दिले गेले. दिल्लीला नंदुरबारच्या माणसाचा क्रमांक हवा असतो. हाच माणूस दिल्लीत येऊन उभा राहिला की ती अस्वस्थ होते.

समाजवादी चळवळीने या नकाशावर एकदा घाव घातला होता. ऑगस्ट १९६५ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी इंडिया गेटजवळच्या पाचव्या जॉर्जच्या पुतळ्याचे नाक-कान तोडले आणि तेथे नेताजींचे चित्र ठेवले. १९६८ मध्ये पुतळा हलवला गेला. छत्री रिकामी राहिली ती २०२२ पर्यंत, मग तिच्याखाली नेताजींचा पुतळा आला. त्याच दिवशी राजपथाचा कर्तव्यपथ झाला. किंग्जवेचा राजपथ आधीच झाला होता. २०२३ मध्ये संसदेची नवी इमारतही झाली. पुतळा बदलला, रस्त्याचे नाव दोनदा बदलले, सभागृह बदलले. बंगल्यांची उतरंड जशीच्या तशी आहे आणि तिच्यात राहायला जाणाऱ्यांत, हेही सांगितले पाहिजे, समाजवादी खासदार मागे राहिले नाहीत.

उलट सामान्य माणसाची उभे राहण्याची जागा मात्र आक्रसत गेली. १९८८ च्या ऑक्टोबरात टिकैत यांच्या हाकेला ओ देऊन लाखो शेतकरी संसदेसमोरील बोट क्लबच्या हिरवळीवर बसले. त्यानंतर ती हिरवळ सभांना बंद झाली आणि निदर्शने जंतरमंतरला ढकलली गेली. २००६ मध्ये धरणाची उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करण्याच्या निर्णयाविरुद्ध मेधा पाटकर उपोषणाला बसल्या, त्या तेथेच. नर्मदाकाठची माणसे सोबत होती. २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने गोंगाटाचे कारण देऊन तेथेही बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी अमान्य केली आणि नियमन करण्यास सांगितले. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या शेतकऱ्यांना तर शहराच्या सीमेवरच अडवले गेले. त्यांनी सिंघू, टिकरी आणि गाझीपूरच्या सीमांवर वर्षभर मुक्काम केला.

म्हणून यापुढे जो कार्यकर्ता धडगाव-अक्कलकुव्याची माणसे घेऊन दिल्लीला जाईल, त्याने परतीचे तिकीट एक दिवस उशिराचे काढावे. सकाळी सर्वांना मालचा मार्गावरून चालवत न्यावे आणि येथे एक गाव होते, असे सांगावे. दुपारी तुर्कमान दरवाजा दाखवावा. मग बवान्याला जावे. तिकडे जाणारी बस कोठून सुटते, हे एखाद्या बंगल्याच्या फाटकावरील रखवालदाराला विचारावे. कदाचित तोही त्याच बाजूला राहत असेल.