बाँडवरचा प्लॉट



पुंडलिकनगर, मिसारवाडी, सातारा-देवळाई... आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या या वस्त्यांमध्ये घराचे कागद विचारले, की बऱ्याच दारांत एकच उत्तर मिळते, "बाँड आहे ना! नोटरीसुद्धा केलीय."

हा बाँड म्हणजे शंभर रुपयांचा मुद्रांक. ऑक्टोबर 2024 पासून तो पाचशेचा झाला. त्यावर देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. आता नोटरी सांगते ते इतकेच, की सही याच माणसाने केली. जमीन त्याची होती का, हे ती पाहत नाही.

लोक या वाटेला का गेले? वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्याला परवडत होता गुंठा-दोन गुंठे. पण 1947 चा तुकडेबंदी कायदा शेताचा एवढा लहान तुकडा सरळ विकू देईना. मग बाँडचा आडमार्ग. याला मी लबाडी म्हणणार नाही, निदान घेणाऱ्याची तरी नाही.

कायदा मात्र गरज ऐकत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. किमतीप्रमाणे मुद्रांक शुल्क भरायचे आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकापुढे ठेवायचा. शुल्क कमी भरले असेल, तर फरक आणि दंड वसूल झाल्याशिवाय न्यायालय तो कागद पुराव्यात घेत नाही. बाँडसोबत मुखत्यारपत्र करून घेतले, तरी त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे.

मग बाँड अगदीच रद्दी का? तसेही नाही. विकण्याचा करार झाला होता एवढे त्यावरून दाखवता येते आणि खरेदीखत करून मिळावे म्हणून दावा लावता येतो. पण त्याला मुदत आहे तीन वर्षांची. इथे वीस-वीस वर्षे बाँड ट्रंकेत पडून आहेत!

अशा गुंठ्या-गुंठ्याने उभ्या राहिलेल्या वस्त्यांसाठी गुंठेवारीचा कायदा 2001 मध्ये आला. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात आली. त्याने वस्ती नियमित होते. विकणारा आणि तुम्ही यांच्यातला व्यवहार त्याने पुरा होत नाही.

म्हणून एक विनंती. नवा प्लॉट घेत असाल, तर इसार देण्याआधी सातबारा किंवा पी. आर. कार्ड पाहा. आणि बाँड घरात असेल, विकणारा हयात असेल, तर त्याला घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा. उद्या त्याच्या पाच वारसांच्या सह्या गोळा करणे फार अवघड जाईल.