मांजर सूड घेत नसतं : लिटर ट्रे, सोलापूरचा उन्हाळा आणि आपण

(ऑडिओ भागाचं लिखित रूप)

कसे आहात? सोलापुरात असाल तर घामाघूम असणार, विचारायची गरजच नाही. आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. विषय आहे मांजराची शी-शू. जेवत असाल तर थोडं थांबा, ताट संपवा, मग ऐका. पण ऐका नक्की, कारण या विषयावरून घरोघरी मांजरं घराबाहेर जातात. आणि काही जिवानिशीही जातात.

आमच्याच घरातलं सांगतो. मन्या नावाचा बोका आहे. तीन वर्षं ट्रेमध्ये नीट जाणारा, कधी तक्रार नाही. मागच्या एप्रिलमध्ये एका सकाळी त्यानं आईच्या चादरीवर शू केली. दुसऱ्या दिवशी मोरीच्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी परत चादर. आईचा पारा बाहेरच्या उन्हापेक्षा वर. "पोत्यात घाल आणि मार्केट यार्डात सोडून ये त्याला." बाबांचं वेगळंच. "परवा मासे दिले नाहीत ना, त्याचा सूड घेतोय तो."

आजी मात्र खुर्चीत बसून नुसती बघत होती. ती म्हणाली, "अरे, तो दहा वेळा त्या टबात जाऊन बसायलाय. बसतंय, कण्हतंय, उठतंय. काहीच करंना की."

मी ट्रे बघितला. कोरडा. एकही गोळा नाही. मला वाटलं, बद्धकोष्ठ असेल, होईल उद्यापर्यंत. आजी म्हणाली, आत्ता दाखव. गेलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि चेहराच बदलला त्यांचा. मूत्राशय लिंबासारखं टणक झालं होतं. लघवीची वाट बंद. नळी घालून मोकळी करावी लागली. रात्रभर थांबला असतात तर कदाचित सकाळी मांजर नसतं, असं ते म्हणाले.

म्हणजे चादरीवरची ती शू सूड नव्हता. तो निरोप होता. आम्हाला वाचता आला नाही, आजीला आला.

तर आजचा मुद्दा एवढाच. लिटर ट्रे म्हणजे मांजराचा संडास, पण त्याच्या तब्येतीची वहीसुद्धा. ती रोज वाचायची.

आता हे सोलापुरात जास्त महत्त्वाचं का? पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. पाणी कमी मिळालं तरी भागवायची सवय त्यांच्या अंगात आहे. तहान कमी लागते, लघवी घट्ट होते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. त्यात आपण घालतो कोरडं कॅट फूड, ज्यात पाणी असतं साधारण दहा टक्के. लघवी अजून घट्ट, त्यात बारीक खडे, चिकट गाळ. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, तिथे तो गाळ अडकतो. मग रक्तात विषारी द्रव्यं साठतात, पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं.

म्हणून पाठ करून ठेवा. बोका सारखा ट्रेमध्ये जातोय, जोर लावतोय, ओरडतोय, मागचा भाग सतत चाटतोय आणि शू येत नाहीये किंवा थेंब-थेंब येतेय, तर हे 'उद्या बघू' नाही. हे त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. घरगुती तेल, एरंडेल, माणसाच्या गोळ्या काही नको. मादीत वाट सहसा बंद होत नाही, पण जळजळ होते, तिलाही दाखवायचंच.

बरं, मांजर ठणठणीत आहे आणि तरीही बाहेर करतंय, असंही होतं. तेव्हा मांजराची चूक शोधण्याआधी ट्रेची चूक शोधा.

ट्रे किती मोठा? मांजराच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले बरेच ट्रे लहान निघतात. महाग काही घ्यायची गरज नाही, बोहारणीकडचा किंवा बाजारातला प्लास्टिकचा मोठा टब चालतो. पिल्लू असेल तर काठ बुटका हवा, त्याला चढता आलं पाहिजे. बांधकामाचं प्लास्टिकचं घमेलं पिल्लाला छान होतं. किती ट्रे? जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. दोन खोल्यांच्या घरात हे जमत नाही, मान्य. मग एकच ठेवा, पण दिवसातून दोनदा साफ करा.

कुठे ठेवायचा? शांत कोपऱ्यात. जेवणाच्या वाटीजवळ नको, पाण्याजवळ नको, वॉशिंग मशीनशेजारी नको. आपण तरी संडासात बसून जेवतो का? आणि सोलापूरकरांची खास चूक म्हणजे ट्रे गच्चीत किंवा पत्र्याखाली ठेवणे. जानेवारीत ठीक आहे हो. मे महिन्यात दुपारी दोनला त्या पत्र्याखाली तुम्ही अनवाणी उभे राहून दाखवा. मांजर तिथे जाणार नाही, ते पंख्याखालच्या गादीवर येईल.

आता लिटर. गंमत सांगतो. १९४७ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात एड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण आली. थंडीनं तिची वाळू गोठली होती, मांजरासाठी राख वापरली तर घरभर काळे पाय उमटायचे. त्यानं तिला ओल शोषणारी दाणेदार माती दिली. बाईंना ती इतकी आवडली की तिथून लिटरचा धंदा उभा राहिला. पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइटचं लिटर आलं, ज्याचा ओलं झाल्यावर गोळा होतो. आज आपल्याकडे बहुतेक हेच मिळतं, आणि ही माती भारतात गुजरातमधल्या कच्छला आणि राजस्थानात बाडमेरला निघते.

पण बेंटोनाइट ऐकून घाबरू नका, त्याचं नातलग आपल्या शेतात आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते ना? फुगणारी ती चिकणमातीची खनिजं आणि बेंटोनाइटमधली खनिजं एकाच कुळातली. लिटरमध्ये शू पडली की माती फुगते, पाणी धरून ठेवते, गोळा होतो. गोळा उचलला की ओल आणि वास दोन्ही गेले.

आणि इथे आपला पाण्याचा प्रश्न सुटतो. उजनीत पाणी असलं तरी नळाला रोज येतंच असं नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. वाळू किंवा कागद वापरला तर ट्रे सारखा धुवावा लागतो. गोळा होणाऱ्या लिटरला रोज नुसता झारा लागतो. जाळीचा झारा वेगळा ठेवा हं, नाहीतर आई तुम्हालाच पोत्यात घालेल. थर दोन ते तीन इंच ठेवा, रोज गोळे काढा, तेवढी नवी भर घाला. दोन-तीन आठवड्यांनी सगळं बदला आणि अर्धी बादली पाण्यात ट्रे धुवा. उरलेली माती आधी कोरडीच खरवडून काढा. ती मोरीत किंवा संडासात ओतली तर आत फुगेल, आणि मग प्लंबरचा खर्च.

पैसे नसतील तर? स्वच्छ, चाळलेली वाळू चालते. सुताराकडचा लाकडाचा जाडसर भुसा चालतो, अगदी पिठासारखा बारीक नको, तो नाकात जातो. दोन्हींत गोळा होत नाही, म्हणून लवकर-लवकर बदलावं लागतं. गोळ्याचं लिटर फार लहान पिल्लांना देऊ नका, ती खाऊन बघतात. दोन महिन्यांची होईपर्यंत वाळू किंवा कागदाचे तुकडे बरे.

धुताना काय वापराल? साधा साबण. काळं फिनेल नको. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही नको. त्यांतली फिनॉलच्या कुळातली रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, विष पोटात. ब्लीचिंग पावडरही ओल्या शूवर टाकू नका, विषारी वायू तयार होतो, तुम्हालाच खोकला लागेल.

आता शिकवायचं कसं? खरं सांगू, शिकवावं लागतच नाही फारसं. उकरून पुरायची सवय मांजराला जन्मजात असते. पिल्लू जेवून उठलं, झोपून उठलं, की अलगद ट्रेमध्ये ठेवा. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा म्हणजे ट्रे सापडतो. केलं नीट, तर लाड करा, खाऊ द्या. बाहेर केलं, तर आवाज न करता पुसा आणि शूचा एक ओला बोळा ट्रेमध्ये नेऊन ठेवा. वासानं त्याला कळतं. नाक घासायचं नाही, मारायचं नाही. मारलं की ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग ते कपाटामागे करतं.

रस्त्यावरचं मोठं मांजर घरी आणलं असेल तर त्याला माती माहीत असते, दुकानातलं लिटर नाही. वर दोन मुठी कोरडी माती पसरा आणि आठवड्याभरात कमी करत न्या. लिटरचा ब्रँड बदलतानाही असंच हळूहळू. आणि बोका भिंतीवर उभ्यानं फवारा मारत असेल तर तो ट्रेचा प्रश्न नाही, हद्दीचा आहे. त्याची नसबंदी करून घ्या. पाच-सहा महिन्यांचा झाला की डॉक्टरांना विचारा.

एक प्रश्न नेहमी येतो. वहिनीला दिवस गेलेत, मांजर काढून टाकू का? नको. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. तो शीतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे शी रोज उचलली तर धोका खूप कमी. फक्त ते काम दादानं करावं, वहिनीनं नाही. कच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही तो येतो, तेही सांभाळा. आणि डॉक्टरांशी बोलून घ्या.

उचललेले गोळे कागदात गुंडाळा, पिशवीत घट्ट बांधा, घंटागाडीत वेगळे द्या. ओल्या कचऱ्यात टाकू नका, त्याचं खत होतं. पिशवी उघडी असेल तर ती एखाद्या ताईच्या हातावर फुटते, एवढं लक्षात असू द्या.

शेवटचं, पाणी. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा. मातीचं असेल तर उत्तम, गार राहतं. कोरड्या खाण्यात पाणी मिसळा, किंवा बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणाचं चिकनचं पाणी द्या. दूध म्हणजे पाणी नव्हे, बऱ्याच मांजरांना त्यानं जुलाब होतात.

मन्या आता बरा आहे. पोतं परत माळ्यावर गेलं. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे, पण आईला कायदा सांगावा लागला नाही. आता तीच सकाळी झारा घेऊन बसते आणि गोळे मोजते. "आज तीन आहेत," म्हणते, "बरंय."

आज रात्री झोपायच्या आधी तुमच्या ट्रेमध्येही डोकावून बघा. किती गोळे आहेत ते मोजा. पुढच्या भागात भेटू. पाणी प्या, मांजरालाही पाजा.