फॉक्सप्रोनंतर काय?



आपल्या व्यवसायबंधूंच्या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. पण जीएसटी, क्लाउड, मोबाइल अ‍ॅप यांवर सकाळपासून भरपूर बोलून झालं. मला कित्येक वर्षं मनात साचलेलं एकच बोलायचं आहे.

मायक्रोसॉफ्टने १९९२ साली फॉक्सप्रो ही डेटाबेसची भाषा बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली. मार्च २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती निघणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीचा सपोर्टही संपवला. आपल्या अडत दुकानांत, पतसंस्थांत, जिनिंगमध्ये फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली मात्र अजून रोज उघडतात. त्या कशात न्यायच्या, यावर सकाळी वाद झाला. कोणी डॉटनेट म्हणालं, कोणी पायथन. एक वक्ते म्हणाले, भाषा कोणतीही चालते. मला हे अजिबात मान्य नाही. का, ते दोन प्रसंगांतून सांगतो.

अकोल्यात एका अडत्याकडे तुरीच्या ऐन हंगामात एक शेतकरी विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊन उभा होता. "भाऊ, माही हमाली दोनदा कापली." दिवाणजी तीच पट्टी पुन्हा छापून दाखवत होते. मी फॉक्सप्रोची कमांड विंडो उघडली आणि त्या शेतकऱ्याच्या नावावरची आवक ब्राउझ केली. वजन दुरुस्त करताना जुनी नोंद रद्द झाली होती, तिची हमाली तशीच राहिली होती. तिथेच बसून सगळ्या नोंदी तपासणारा चार ओळींचा स्कॅन-एंडस्कॅन लिहिला, तशा सगळ्या पट्ट्या निघाल्या. शेतकऱ्याला पैसे गल्ल्यातून लगेच मिळाले.

पुढे एका पतसंस्थेत नवी, महागडी प्रणाली आली. व्याजाची शंका घेऊन आलेल्या खातेदार बाईंना उत्तर द्यायला कोणाकडेच सोय नव्हती. तक्रार बाहेरगावच्या कंपनीकडे गेली आणि बाई हेलपाटे घालत राहिल्या.

म्हणून सांगतो, डेटाचं टेबल भाषेच्या आतच हवं, म्हणजे ग्राहकासमोर बसून ते उघडता येतं. डेटा असा उघडा ठेवला तर कोणीही फेरफार करील, असा आक्षेप येतो. उघडणाऱ्याची नोंद ठेवा, दार कशाला बंद करता?

फॉक्सप्रो आहे तशीच चालवा, असं माझं म्हणणं नाही. दोन जीबीला फाइल अडते, वीज गेली की इंडेक्स बिघडतो. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे युनिकोड नाही. आपल्या माणसांची नावं जुन्या फाँटांच्या सांकेतिक अक्षरांत अडकून पडली आहेत. नव्या भाषेत ती देवनागरीत शोधता यावीत, वर्णक्रमाने लावता यावीत. इंटरनेट नसताना काम चालावं, दरवर्षी भाडं भरावं लागू नये, जुनी डीबीएफ थेट वाचता यावी. डीबीएफवरच चालणाऱ्या जुन्या क्लिपर भाषेच्या वळणाची हार्बर ही मुक्त भाषा यातलं बरंच आजही करते. तिच्याकडे आपण पाहतही नाही, कारण ती विकायला कोणी आपल्या दारी येत नाही. याचं मला दुःख आहे.

ही नावं जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये नेणारं एक सामाईक साधन आपण मिळून करू. तरुणांनी पुढे यावं, तपशील बसून ठरवू. ज्यांच्याकडे क्लिपरचा, फॉक्सप्रोचा जुना सोर्स आहे त्यांनी तो रद्दीत टाकू नये. आणि नवी भाषा घेताना विकणाऱ्याला आधी हे विचारा: ग्राहक समोर उभा असताना मला त्याची नोंद स्वतः उघडून पाहता येईल का? उत्तर नाही असेल, तर घेऊ नका.