‘घर कालच गेलं’



लोकशाहीत आपण खरोखर स्वतंत्र आहोत का? माझं उत्तर एका फोनपासून सुरू होतं. भाड्याचं घर पाहिलं, भाडं ठरलं. मग मी नाव सांगितलं. लगेच उत्तर आलं, ‘अहो, घर कालच गेलं.’

संविधानाचं कलम १९ मला देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम १५ सांगतं, दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता इथे धर्म किंवा जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. त्या यादीत भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. धर्म पाहून घर नाकारण्याला मनाई करणारा खास कायदाही देशपातळीवर नाही. मग दाद कुठे मागायची? अमेरिकेने १९६८ साली असा कायदा केला. भेदभाव तिथेही संपला नाही, पण तक्रारीला जागा मिळाली. आपणही ती मागितली पाहिजे.

आता एक प्रश्न स्वतःला. आपल्या मोहल्ल्यात खोली रिकामी झाली की आपण भाडेकरूची जात-बिरादरी विचारतो का? विचारत असू, तर तो फोन आपणही कुणाला तरी करतो आहोत. तेव्हा मागणी सरकारकडे करू या, आणि सुरुवात आपल्या दारापासून.