राइट आउट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला सांगितलं होतं, ‘कॉम्प्युटरवर बोल, एआयवर बोल, पोरांना उपयोग होईल.’ पण इथं समोर पोरं कुठायत? सगळे पंचेचाळिशीचे. म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. मागच्या बाकांवरून हसायला आलं ते ऐकलं मी. शाळेत पी.टी.च्या तासाला पोट दुखतंय म्हणून बसून राहणारी मुलगी हीच, हे मला मान्य आहे.

पण कोल्हापुरात जन्मलं की फुटबॉल कळायला खेळावं लागत नाही. पाटाकडील विरुद्ध शिवाजी मॅच असली की आमच्या गल्लीत दुपारी चारनंतर पुरुष माणूस दिसत नसे. शाहू स्टेडियमवरचा आवाज आमच्या गच्चीवर यायचा आणि आवाजावरून आजी सांगायची, गोल झाला का हुकला. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती.

आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो अनिकेत जाधव. आपल्याच गावचा, २००० सालचा जन्म. वडील रिक्षा चालवायचे. लहान वयात घर सोडून पोरगा पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, मग पुणे एफसीच्या अकादमीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. भारताचा कुठलाही फुटबॉल संघ फिफाच्या विश्वचषकात खेळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघात हा होता. ६ तारखेला दिल्लीत अमेरिकेविरुद्धची मॅच मी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून फोनवर बघितली. आपण ३-० हरलो. पुढं कोलंबियाशी २-१ आणि घानाशी ४-० असे हरून बाहेर पडलो. तिन्ही मॅच हरलेल्या संघातल्या पोरांचं पुढं काय होतं, हे कोणी विचारत नाही. मला मात्र त्याचीच उत्सुकता होती. का, ते सांगते नंतर.

त्या पोरांना फेडरेशनने इंडियन ॲरोज या नावाने आय-लीगमध्ये उतरवलं. परदेशी खेळाडू एकही नाही, समोर मात्र पोक्त, पगारी माणसं. २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात बांबोळीला त्यांची पहिली मॅच, चेन्नई सिटीविरुद्ध. ३-० जिंकली, आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे. सतरा वर्षांचा होता. मी त्या वयात बारावीचे क्लास आणि आईने बांधून दिलेला डबा, एवढंच जग ओळखत होते.

पुढचं भराभर सांगते. इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही दिवस सराव, २०१९ मध्ये जमशेदपूर, २०२१ मध्ये हैदराबाद. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालला हैदराबादने ४-० हरवलं, त्यात तीन गोल ओग्बेचेचे आणि एक याचा. दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग कोणाचं असणार, ते तुम्ही ओळखलंच. त्याच मोसमात २० मार्चला फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद आयएसएलचं विजेतं झालं.

लहानपणी तो पुढं, गोलसमोर खेळायचा. मोठ्या क्लबांमध्ये त्या जागी बहुतेक परदेशी स्ट्रायकर असतात, म्हणून आपल्या पोरांना कडेला सरकावं लागतं. आता त्याला विंगर म्हणतात. आमच्या गल्लीत ‘राइट आउट’ म्हणायचे. रेषेला चिकटून पळायचं, दहा वेळा पळालं तर दोनदा बॉल मिळतो. बॉल गेला की पुन्हा मागं पळत येऊन आपल्या बॅकला मदत करायची. त्या पळण्याची नोंद गोलांच्या यादीत होत नाही. माझं अर्धं काम आकड्यांवर चालतं, तरी सांगते, विंगर आकड्यात मावत नाही.

आता का, ते. माझा धाकटा भाऊ याच शाळेच्या टीमचा राइट आउट होता. सरांना आठवत असेल, सात नंबर, डाव्या पायाचा मोजा नेहमी घसरलेला. १९९९ साली तो दहावीत होता आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. जानेवारीत पुण्याला निवड चाचणी होती. सरांनी घरी येऊन पप्पांना तयार केलं होतं. मला मात्र वाटलं, दहावीचं वर्ष आहे, हा वाया जाणार. आदल्या रात्री मी त्याचे बूट माळ्यावरच्या तांदळाच्या पिपात लपवले. पहाटेची गाडी चुकली. घरभर शोधाशोध झाली आणि मीही सगळ्यांबरोबर शोधल्यासारखं केलं. त्याला दहावीला एकसष्ट टक्के पडले. आज त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, चांगलं चाललंय. पण अनिकेतची प्रत्येक मॅच मी त्या पिपाकडं बघत असल्यासारखी बघितली आहे.

हे भाषण लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं, इथं सांगायच्या आधी त्याला सांगायचं. परवा रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. तो शेंगदाणे सोलत होता. मान वर न करता म्हणाला, “ताई, मला म्हाईत होतं.”

“कधीपासून?”

“त्याच रात्री. तू माळ्यावर चढलीस तेव्हा जागाच होतो मी.”

“मग काढले का नाहीस?”

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “गेलो असतो आणि घेतलं नसतं तर? इथं सगळी म्हणत होती, हा भारताकडनं खेळणार. तू बूट लपवलेस, मला बरंच वाटलं.”

सत्तावीस वर्षं मी ज्याचा अपराध वाहिला, त्यात त्याचीही भागीदारी होती. ऐकून हलकं वाटलं का? खरं सांगू, नाही वाटलं. घरात एका पंधरा वर्षांच्या पोराला इतकी भीती वाटत होती आणि आम्ही सगळे त्याचे बूट शोधत होतो.

बुटांचं काय झालं, तेही विचारलं. पीप रिकामं झाल्यावर त्यानं ते काढले आणि तालमीतल्या एका पोराला दिले. ते पोरगं दोन मोसम खेळलं त्यात.

भाऊ आज आलाय, शेवटच्या रांगेत दाराजवळ उभा आहे. उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर आजी-माजी विद्यार्थ्यांची मॅच आहे, आणि सरांनी त्याचं नाव यादीत लिहिलंय. राइट आउटलाच. बूट मी आणलेत, नऊ नंबर. होतात का, ते उद्या बघू.