संशयाचे मानसशास्त्र आणि समाजाचे वर्तन
(एका व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो मानसशास्त्राचा आहे. ‘आपल्याविरुद्ध कोणीतरी गुप्त कट रचला आहे’ असा समज माणसाच्या मनात कसा उत्पन्न होतो, आणि तो उत्पन्न झाला म्हणजे समाज कसा वागू लागतो, हा तो विषय होय. कित्येकांस तो पुस्तकी वाटेल. परंतु आपल्या चळवळीच्या पहिल्या मोठ्या लढ्याच्या दिवशीच आपल्या माणसांची डोकी फुटली ती अशाच एका समजाच्या नावाखाली, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारणार नाही.

दिनांक २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, ही हकिकत आपणांपैकी लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यानंतरचे दोन तास मात्र आपण घाईने ओलांडून जातो. तळ्यावरून मंडळी शांतपणे परत आली. परिषद संपली होती. कोणी गावाकडे निघाले होते, कोणी मंडपात जेवत होते, कोणी बाजारात फिरत होते. इतक्यात गावात हूल उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. पाहता पाहता काठ्या घेतलेला जमाव जमला. बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. देवळात शिरण्याचा आमचा मुळीच विचार नाही, असे त्यांनी आपणाकडे आलेल्यांस स्पष्ट सांगितले. तरीसुद्धा जमाव मंडपावर चालून गेला, अन्न मातीत मिळाले, आणि एकट्या-दुकट्या सापडलेल्या माणसांना मारहाण झाली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला म्हणून ते वाचले.

आता आपण असा प्रश्न करू की, हल्लेखोरांनी देवळाचीच हूल का उठवली? तळ्याचे पाणी तर दिवसाढवळ्या, सर्वांच्या डोळ्यांदेखत प्यायले गेले होते. राग यावयाचा तर त्याचा यावयास हवा होता, आणि तो आलाही होता. परंतु तळ्यासंबंधी त्यांची बाजू लंगडी होती. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला होता, आणि पुढे महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले होते. तेव्हा झालेल्या गोष्टीबद्दल काठी उचलणे म्हणजे आपण कायदा मोडीत आहोत हे कबूल करणे होते. देवळाच्या हुलीने ही अडचण दूर झाली. न घडलेल्या अपराधाचा आरोप आला की आक्रमण करणारा स्वतःच्या मनात रक्षणकर्ता ठरतो. अशा हुलींचे शब्द आपण बारकाईने पाहिले तर ‘त्यांनी केले’ यापेक्षा ‘ते करणार आहेत’ हेच त्यांत अधिक आढळते. केलेल्या कृत्याला पुरावा लागतो. करणार असलेल्या कृत्याला तो मागणार कोण?

या ठिकाणी मानसशास्त्रज्ञांचा एक शोध उपयोगी पडतो, आणि त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या अभ्यासकाने गोळा केल्या, आणि १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. लवकरच भयंकर वादळ होणार, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा त्या अफवा होत्या. अमेरिकेतील लिऑन फेस्टिंजर यांच्या वाचनात हा निबंध आला तेव्हा ते बुचकळ्यात पडले. ज्यांना धक्का जाणवला होता परंतु ज्यांच्या डोळ्यांसमोर काहीच पडझड झाली नव्हती, अशा लोकांत या अफवा पसरल्या होत्या. सुखरूप राहिलेल्या माणसाने आणखी मोठ्या संकटाची बातमी खरी का मानावी? उलट दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंग येथील दरडींसंबंधी अभ्यास केला, तेव्हा प्रत्यक्ष विध्वंस पाहिलेल्या लोकांत तसल्या भाकितांचा सुकाळ आढळला नाही. फेस्टिंजर यांनी काढलेला निष्कर्ष असा की, बिहारमधील त्या लोकांच्या मनात भीती आधीच येऊन बसली होती, आणि तिला शोभेल असे कारण बाहेर दिसत नव्हते. अफवेने ते कारण पुरवले. विचार आणि भावना यांचा मेळ बसत नाही तेव्हा मन तो बसवून घेते, हा त्यांचा सिद्धांत १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि आज तो जगभर शिकवला जातो.

महाडची हकिकत या सिद्धांताच्या उजेडात पुन्हा वाचावी. स्पृश्य समाजाच्या मनाला त्या दिवशी धक्का बसला होता, परंतु पडझड काहीच झाली नव्हती. घरे शाबूत, दुकाने शाबूत, तळ्यातील पाणीही होते तितकेच. हादरले होते ते पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर बसण्याचे स्थान. ते हादरल्याची भीती उघड बोलून दाखविण्यासारखी नव्हती. म्हणून तिला देवाच्या विटाळाचे वस्त्र चढविण्यात आले. बाबासाहेबांनी स्वतः खुलासा करूनही तो व्यर्थ का गेला, याचेही उत्तर यात आहे. खुलासा हुलीला होता. भीती जेथे होती तेथे तो पोचलाच नाही.

कटावर विश्वास ठेवणाऱ्याला त्या कटाचा तपशील फारसा महत्त्वाचा नसतो, असेही आढळून आले आहे. इंग्लंडमधील केंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. राजकुमारी डायाना हिचा खून झाला असे ज्यांना अधिक वाटत होते, त्यांनाच तिने मरणाचे सोंग केले हेही अधिक शक्य वाटत होते. एकच बाई मारलीही गेली आहे आणि जिवंतही आहे! हसण्यासारखी गोष्ट आहे खरी. परंतु ‘हे लोक आळशी आहेत, यांना काम नको,’ आणि ‘हे लोक आमच्या सगळ्या नोकऱ्या पटकावीत आहेत,’ ही दोन वाक्ये एकाच तोंडातून, एकाच चहाच्या पेल्याबरोबर आपण ऐकलेली नाहीत काय?

येथवर मी इतरांच्या भ्रमाविषयी बोललो, आणि आपण माना डोलावल्या. आता थोडे आपल्याकडे वळू.

गरिबाच्या आणि दलिताच्या मनातही कटाच्या कल्पना असतात, आणि त्यांना पुष्कळदा आधार असतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रोग्यांना बळजबरीने इस्पितळात नेऊ लागले. आत माणसे मारून त्यांच्या देहांतून ‘मोमियाई’ नावाचे तेल काढतात, अशी वदंता पसरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मोमियाईची गोष्ट खोटी होती. घरात शिपाई घुसतात, माणूस उचलून नेतात, आणि तो बहुधा परत येत नाही, हे मात्र खरे होते. ज्याला सरकारने कधी काही विचारले नाही आणि काही सांगितले नाही, तो तर्कच करणार.

शिवाय खरे कटही असतात. अमेरिकेत टस्किगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे, सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवले. रोग शेवटपर्यंत कसा जातो हे पाहण्यासाठी! पेनिसिलिन हे रामबाण औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. तेव्हा ‘संशय घेऊ नका’ असा उपदेश मी कोणत्याही पीडित समाजाला करणार नाही. करील त्याची मला शंकाच येईल.

परंतु टस्किगीचा प्रकार उघडकीस कसा आला, हे पाहा. आरोग्य खात्यातीलच पीटर बक्स्टन नावाच्या एका माणसाने वर्षानुवर्षे वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. दाद लागेना तेव्हा त्याने माहिती वृत्तपत्राच्या प्रतिनिधींना दिली, आणि जुलै १९७२ मध्ये ती छापून आली. त्यात स्थळ होते, काळ होता, खात्याचे नाव होते. कोणालाही ती तपासून खोटी पाडता आली असती. खोट्या कटाचे लक्षण याच्या उलट असते. त्याला कोणताच पुरावा खोटा पाडू शकत नाही, कारण विरुद्ध पुरावा आणणारा इसमही कटात सामील ठरतो. आज चार माणसांचा असलेला कट उद्या चारशेंचा होतो, आणि अखेरीस एक संपूर्ण जात किंवा जमात त्यात ओढली जाते. महाडनंतर आपल्या पुढाऱ्यांनी तळ्याचा प्रश्न न्यायालयात लढविला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. दहा वर्षे लागली. कागद लागले, साक्षी लागल्या. मार खाल्लेल्या माणसांना ती दहा वर्षे फार लांब वाटली असतील.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. २०१८ सालच्या जून महिन्यात मुले पळविणारी टोळी आल्याचा निरोप माझ्या मोबाईलवर आला. सोबत चित्रफीत होती. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. मी, पस्तीस वर्षे शिक्षकाचे काम केलेला माणूस, तो निरोप काळजीपोटी तीन ठिकाणी पाठवून मोकळा झालो. ती फीत कराचीतील एका जनजागृतीच्या चित्राची होती, त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात, आणि तो शेवट कोणीतरी कापला होता, हे पुढे कळले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळविणारे ठरविले गेले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेपर्यंत मारले गेले. त्यांतील बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्या रोखण्यासंबंधी सरकारांना आदेश दिले. माझा निरोप राईनपाड्याला पोचला नसेल. पण तो कोठे पोचला हे मला ठाऊक नाही, आणि पाठविण्यापूर्वी मी कोणालाही एक प्रश्न विचारला नाही, हे ठाऊक आहे.

त्या जमावात बहुसंख्य गरीबच होते. ज्यांना मारले ते त्यांच्याहूनही गरीब होते. ज्याला गाव नाही, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी शेजारी नाही, त्याच्यावर कटाचा आरोप सर्वांत लवकर चिकटतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला. गावच्या वेशीवरची नजर काही त्याबरोबर गेली नाही.

मग संशयाचे करावयाचे काय? माझ्या आत्याची हकिकत सांगून थांबतो. २०२१ साली करोनाची लस आली तेव्हा तिने ती साफ नाकारली. ‘आपली वस्ती कमी करायचा डाव आहे,’ असे ती म्हणाली. मी तिला वर्तमानपत्रे वाचून दाखविली, रागावलो, अडाणीही म्हटले, आणि तिचा नकार अधिकच घट्ट झाला. मग वस्तीतीलच एक आशाताई येऊन तिच्या उंबऱ्यावर बसली. लस कोणी केली, आत काय आहे, ताप आला तर कोण येणार, असे आत्याने तिला तासभर विचारले. एका प्रश्नावर ती बाई म्हणाली, ‘मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून उद्या सांगते,’ आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखरच उत्तर घेऊन आली. तिसऱ्या दिवशी आत्या केंद्रावर गेली. दंड पुढे करण्यापूर्वी मात्र तिने बाटलीवरची तारीख मला दोनदा वाचून दाखवायला लावली.